सावलीतलं तिकीट

आमच्याकडे चार माणसं जेवायला जमली की श्रीखंड वाढायच्या सुमारास माझा नवरा ती गोष्ट काढतो. "आमच्या आईला मी बेसबॉल दाखवला, यार. शिकागोला. शंभरी उलटलेलं स्टेडियम. सत्तरीतली बाई, अंगात साडी, पायात स्पोर्ट्स शूज, डोक्यावर कॅप!" लोक हसतात, माना डोलावतात. कुणीतरी काकू हमखास म्हणतात, "अगदी श्रावणबाळ हो!" हा मान खाली घालून लाजतो. मी स्वयंपाकघरात भांडी आपटते.

श्रावणबाळ म्हणे. श्रावणबाळानं आईबापांना कावडीत घालून नेलं, पण निदान खांबामागे नेऊन बसवलं नाही. आता मीच सांगते काय झालं ते. ऐकून काय ते ठरवा.

सासूबाई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला आल्या होत्या. सासरे जाऊन दोन वर्षं झाली होती. अमरावतीत घर कुलूपबंद करून त्या आल्या, येताना सांडग्यांच्या आणि कुरडयांच्या पिशव्या घेऊन आल्या, आणि आल्याच्या तिसऱ्या दिवसापासून त्यांना करायला काही उरलं नाही. नवरा गाड्यांच्या ब्रेकचं डिझाइन करतो, तो सकाळी जाई तो संध्याकाळी येई. मी घरूनच काम करते, म्हणजे घरात असते आणि नसते. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. एकदा त्या म्हणाल्या, "इथं माणसं कुठं ठेवतात व?"

आणि घरात होती आमची मुलगी, बारा वर्षांची. सॉफ्टबॉल खेळताना मनगट मोडून घेतलं होतं तिनं, सगळा उन्हाळा हात प्लॅस्टरमध्ये. ती बेसमेंटमध्ये सोफ्यावर पडून दिवसभर बेसबॉल बघायची. तिचं मराठी म्हणजे 'पाणी पाहिजे', 'झोप आली' आणि 'नको ना'. आजीचं इंग्रजी म्हणजे 'थँक्यू'. त्यातून आजी बोलणार वऱ्हाडी, जे माझ्यासारख्या नाशिकच्या बाईलाही पहिली पाच वर्षं निम्मंच कळलं. दोघी एका सोफ्याच्या दोन टोकांना. आजी मेथी निवडत, टीव्हीकडे पाठ करून.

नवरा म्हणायचा, "आईला बोअर होतंय गं, तिला मराठी चॅनल लावून दे." लावून दिलं. त्यांनी एक दिवस पाहिलं आणि म्हणाल्या, "त्या सासवा-सुनांचं नको बाप्पा. पोरगी पाहते तेच राहू दे."

एके दिवशी मी मीटिंग संपवून खाली गेले, तर आजी टीव्हीकडे तोंड करून बसलेली आणि मेथी बाजूला पडलेली. एक खेळाडू मार खाल्ल्यासारखा डोकं खाली घालून बाहेर चालला होता, आणि त्याचेच सोबती त्याच्या पाठीवर थापा मारत होते. आजीनं विचारलं, "आऊट झाला न तो? मग शाबासकी काहून देऊन राहिले?" मुलीला प्रश्न कळला नाही, पण बोट कळलं. तिनं कॉफी टेबलावर उशांचे चार बेस, म्हणजे पळत गाठायचे थांबे, मांडले, मेथीच्या काड्यांची माणसं केली, आणि दाखवलं. एका बेसवर आपला माणूस अडकलाय. मग बॅटवाला काय करतो, मुद्दाम हलकेच बॉल टेकवतो. स्वतः आऊट होतो, पण तेवढ्यात अडकलेला पुढच्या बेसवर पोचतो. तिनं इंग्रजीत त्याचं नाव सांगितलं, सॅक्रिफाइस.

आजीनं आऊट झालेली काडी बाजूला केली. "म्हणजे हा सोता मरते, अन् दुसऱ्याले पुढं धाडते." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हा बाप्या आहे का बाई?"

मी हसून हसून भिंतीला टेकले. मुलगी विचारायला लागली, "व्हॉट डिड शी से?" मी सांगितलं. तर तीही हसायला लागली, आणि मग आजीही. त्या दिवसापासून दोघींचं जमलं. एकमेकींशी काय बोलायच्या देव जाणे, पण दुपारी बेसमेंटमधून आरडाओरडा यायचा. माझ्या मीटिंगमध्ये लोक विचारायचे, एव्हरीथिंग ओके? पंचानं चुकीचा निर्णय दिला की सासूबाई ओरडायच्या, "डोळे फुटले काय रे तुझे!" ते वाक्य मुलगी इतकं शुद्ध शिकली की पुढे एकदा शाळेच्या मॅचमध्ये पंचाला म्हणाली. त्याला कळलं नाही, नशीब.

मग मुलीनं हट्ट धरला. आजी ऑक्टोबरमध्ये जाणार, त्याआधी तिला खरी मॅच दाखवायची. इथली साधीसुधी नाही, तर शिकागोच्या त्या जुन्या मैदानावर, जिथे भिंतीवर वेल चढलेला आहे आणि धावफलकाचे आकडे अजून माणूस हातानं बदलतो. आजीनं ते टीव्हीवर पाहिलं होतं. "तो आकडे बदलणारा दिसंल का तिथं?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं. दोघींना शेजारी बसून एक मॅच पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायची होती. एवढंच. पुन्हा ती संधी येणार नव्हती, कारण सासूबाईंचे गुडघे आणि तो वीस तासांचा प्रवास, आणि हे त्या स्वतःच म्हणत होत्या.

आता आमच्या लोकांची एक रीत आहे. आपल्या चौघांनी उठून कुठे जायचं, हे आम्हाला जमतच नाही. नवऱ्यानं सहज एका मित्राला सांगितलं, मित्रानं ग्रुपवर टाकलं, आणि दोन दिवसांत चार कुटुंबं, चार गाड्या, हॉटेलच्या खोल्या, 'पुऱ्या कोण करणार' आणि 'लोणचं मी आणते' असा सगळा लग्नाचा थाट उभा राहिला. त्यात आमच्यासकट तिघांकडे इंडियातून आईवडील आलेले. तिकिटं काढायचं काम नवऱ्यानं अंगावर घेतलं. तो असल्या कामात फार हुशार. तीन स्क्रीन लावून बसला होता. मी म्हटलं, "आई आणि ही, दोघींची सीट शेजारी घे, बाकी काहीही कर." तो म्हणाला, "टेन्शन नको घेऊ, मस्त अरेंज केलंय."

जायच्या आदल्या दिवशी मुलीनं स्वतःची कॅप आजीला दिली. आजीच्या अंबाड्यामुळे ती बसेना, म्हणून मागचा पट्टा सैल करून दिला. सासूबाईंनी आरशात पाहिलं आणि पदर सारखा केला. "हवालदार दिसून राहिली मी," म्हणाल्या. खूश होत्या. मी त्यांना इतकं खूश आधी पाहिलं नव्हतं, हे मला सांगतानाही बोचतं.

मॅच दुपारची होती. हॉटेलमधून निघायला उशीर, कारण कुणाला चहा हवा होता आणि तो पुन्हा उकळून हवा होता. मग स्टेडियमच्या लाल पाटीखाली फोटो, आधी सगळ्यांचा, मग फक्त बायकांचा, मग फक्त मुलांचा. आत शिरेपर्यंत नवातली पहिली इनिंग संपली. मुलीचं तोंड एवढंसं झालं होतं, पण आजीचा हात धरून तिनं पुढे चालायला सुरुवात केली. तेव्हा नवरा म्हणाला, "अगं नाही नाही, आजी तिकडे. सिनियर मंडळी सगळी खाली, सावलीत. आपण वर."

मी थांबले. "म्हणजे?"

"अगं, वर ऊन आहे. आईला बीपी आहे. सगळ्या आईवडिलांची मी एका लायनीत सावलीतली सीट घेतली. कंपनी पण होते त्यांना."

तिकडे मागे लोक ढकलत होते, आमच्या ग्रुपमधला एक जण 'चला चला' करत होता. मुलगी बापाकडे बघत होती. सासूबाईच पुढे झाल्या. "जा बाई, जा, मी बसतो तिथं," म्हणून त्यांनी नातीच्या पाठीवर हात फिरवला आणि इतर म्हाताऱ्यांच्या मागोमाग गेल्या. बघा, लगेच गेल्या. त्यांना कधी दोनदा सांगावं लागलं नाही.

मी वर जाऊन बसले, पण माझं लक्ष लागेना. मुलगी दोन इनिंग जिन्याकडेच बघत होती. शेवटी मी पाण्याची बाटली घेतली आणि खाली उतरले.

पाचही म्हातारी माणसं ओळीत बसली होती, हातात पुरी-भाजीचे कागदी द्रोण, आणि त्यांच्या बरोब्बर समोर एक खांब. लोखंडी, हिरव्या रंगाचा, वरच्या मजल्याचा भार पेलणारा खांब. जुनी स्टेडियमं अशीच असतात, मधोमध खांब असतात त्यांना. दोघा काकांनी प्रयत्न सोडून दिला होता आणि पेन्शनवर बोलत होते. एक काकू झोपल्या होत्या. सासूबाई एकट्या, कॅप घातलेल्या, आधी डावीकडे वाकत होत्या, मग उजवीकडे. डावीकडे, उजवीकडे. प्रत्येक चेंडूला.

"आई, तुम्हाला दिसतंय का काही?"

"दिसते न. फेकणारा दिसते. मारणारा नाही दिसत. पण लोकं वरडले का समजते."

"आणि तो आकडे बदलणारा?"

त्यांनी खांबाकडे हात केला. "तो त्याच्या मागं असंल."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच क्षणी डोकं असं सणकलं की ते पाणी तिथंच वाळलं. "मग फोन का नाही केलात? मी किती जवळ होते!"

"जाऊ दे न व. पोरानं एवढं सावलीचं पाहून घेतलं. त्याले वाईट वाटंल."

मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. नवरा नाचोज खात होता. मी म्हटलं, "आईंच्या समोर खांब आहे. त्यांना काहीही दिसत नाहीये. तू बघितलं नाहीस का तिकिटं काढताना?"

मला वाटलं होतं, तो दचकेल. 'अरे बापरे' म्हणेल. खरं सांगते, चूक असती ना, तर मी सोडून दिलं असतं. माणूस चुकतो. पण तो म्हणाला, "हो गं, लिहिलं होतं तिथे, लिमिटेड व्ह्यू म्हणून. म्हणूनच तर एवढ्या सलग मिळाल्या. सावली इम्पॉर्टंट होती ना. आणि व्ह्यू घेऊन त्यांना काय करायचंय? त्यांना काय कळणार आहे यातलं?"

त्याला माहीत होतं!

एवढ्या दुपारी त्या दोघींनी बेसमेंट डोक्यावर घेतलं, आणि या माणसाला आपल्या आईला काय कळतं हे माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं त्यानं कधी. आईला बीपी आहे हे माहीत, आईच्या गोळ्यांची वेळ फोनमध्ये लावलेली, आईला ऊन सोसत नाही हे सगळ्या ग्रुपला सांगून झालेलं. काळजी तर इतकी घेतो की विचारू नका. पण त्या काळजीच्या आत एक माणूस बसलंय आणि त्याला समोरचं बघायचंय, हे याच्या गावीही नाही. आणि हा एकटा नाही हो. ओळीत पाचजण बसवलेले होते तिथे. पाचही जणांच्या पोरांनी 'वा, भारी आयडिया' म्हणून अंगठे दाखवले होते.

"तू खाली जा," मी म्हटलं. "तू बस सावलीत. आईंना इथे हिच्याजवळ बसू दे."

तो हसला. "अगं माझं तिकीट इथलं आहे. आणि आईला उन्हात आणून काही झालं तर? सीन नको करू प्लीज, सगळे बघताहेत."

"बघू देत! तुझ्या आईपेक्षा तरी जास्तच दिसत असेल त्यांना."

आजूबाजूचे आपले लोक एकदम खेळात रस घेऊ लागले. मुलीनं माझा हात धरला. ती रडत नव्हती, तिच्या कपाळावर माझ्यासारखी शीर उठली होती. मग दुसरं काय करणार, मी माझी पर्स उचलली, खाली गेले, सासूबाईंना हाताला धरून एकेक पायरी वर आणलं, माझ्या सीटवर बसवलं, गळ्याभोवती ओला रुमाल टाकला, आणि स्वतः खाली जाऊन खांबामागे बसले. म्हणजे उठलं कोण? मीच. त्याच्या नाचोजचा एक तुकडाही सांडला नाही. तिथे बसल्यावर हे माझ्या लक्षात आलं आणि मी आणखी चिडले. शेजारचे काका म्हणाले, "सूनबाई, पुरी घ्या." मी म्हटलं, "नको." मग घेतली, आणि तीही रागानंच खाल्ली.

खांबाच्या कडेनं वाकून बघितलं तर वळणापलीकडच्या वरच्या रांगांत दोघी दिसत होत्या. मैदान दिसत नव्हतं, पण त्या दिसत होत्या. आजी बोट करून काहीतरी विचारत होती आणि मुलगी दोन्ही हातांनी सांगत होती. धावफलकाकडे बोट गेलं तेव्हा मला कळलं, आकडे बदलणारा सापडला. त्यानंतर मी मॅच बघायचा प्रयत्नच केला नाही. मी त्यांनाच बघत बसले.

आठवी इनिंग संपत आली तेव्हा फोनवर ग्रुपचा मेसेज आला. 'निघू या. ट्रॅफिकच्या आधी. गेटपाशी भेटू.' हीसुद्धा आमची रीतच. मॅच असो, फटाके असोत, मुलांचं गॅदरिंग असो, संपायच्या आधी उठायचं. पार्किंगमधून पहिली गाडी आपली निघाली पाहिजे. इथे तर पुढे पाच तासांचा रस्ता, मिशिगनला पोचताना घड्याळ एक तास पुढे, दुसऱ्या दिवशी ऑफिस. कारणं सगळी खरी असतात. कारणं नेहमीच खरी असतात.

म्हातारी मंडळी द्रोण गोळा करून उठली. मी वर धावले. धावसंख्या बरोबरीत होती. नवरा पिशवी खांद्याला लावून उभा होता. "आई, चाल. निघायचं."

सासूबाईंनी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि उठायला लागल्या. विचारलंही नाही, का म्हणून. शरीरालाच सवय असते ती. मुलगी किंचाळली, "नो! बाबा, इट्स टाइड!"

"घरी जाताना फोनवर बघ बेटा. सेम आहे."

सासूबाई अर्ध्या उठल्या होत्या. तशाच थांबल्या. नातीकडे बघून बोटांनी विचारलं, किती आऊट? तिनं एक बोट दाखवलं. सासूबाई परत खाली बसल्या.

"आई?"

"तू जा. मी पाहूनच येईन."

"अगं आई, ट्रॅफिक लागेल. सगळे थांबलेत खाली. असं काय करते लहान पोरासारखं?"

त्या मैदानाकडेच बघत होत्या. आवाज चढवला नाही. "तुझ्या बापानं मले कोणत्या नाटकाचा तिसरा अंक पाहू देल्ला नाही. शेवटची बस हुकंल म्हणे. दुसरा अंक झाला का उठ. एक नाटक होतं, त्यातल्या बाईचा नवरा दुसऱ्या अंकात घर सोडून जाते. तो वापस आला का नाही, मले आजवर मालूम नाही. कोणाले विचारू? लोकं हसतीन." मग त्यांनी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "आता तर बस बी नाही. गाडी तुझी आहे. तुले थांबता येते."

मी इतका वेळ जे ओरडून सांगत होते, ते त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. मला वाटलं, आता तरी हा बसेल. शेजारची सीट रिकामी होती, आमच्या मित्राची. बसायचं होतं फक्त. पण खालून हाक आली, त्यानं घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघून म्हणाला, "तूच चढवून ठेवलंयस तिला." आणि गेला. पिशवी घेऊन गाडीत जाऊन बसला.

मी त्या रिकाम्या सीटवर बसले.

नवव्या इनिंगलाही बरोबरी सुटली नाही. दहावी सुरू झाली. पाहुण्या संघाला काही करता आलं नाही. मग घरच्या संघाची पाळी. हल्लीच्या नियमानं जादा इनिंगमध्ये एक माणूस आयताच दुसऱ्या बेसवर उभा करतात. सासूबाई म्हणाल्या, "हा फुकटचा कुठून आला?" मुलीला मराठीत सांगता येईना, तिनं खांदे उडवले. "असू दे," आजी म्हणाली, "आपलाच आहे."

बॅटवाला आला, आणि त्यानं बॅट आडवी धरली. सासूबाईंनी नातीचं मनगट पकडलं, तेच, नुकतंच प्लॅस्टर निघालेलं. त्यांना आधीच कळलं होतं. चेंडू हलकेच टेकला, तो आऊट झाला, आणि दुसऱ्या बेसवरचा तिसऱ्यावर पोचला. "मेला," त्या म्हणाल्या, "पण धाडला पुढं." पुढच्यानं चेंडू उंच मारला, लांब, वेलीच्या भिंतीकडे. मी म्हटलं, गेला, झेल होणार. झालाच. पण इथे झेलानंतरही पळता येतं. चेंडू हातात पडल्याक्षणी तिसऱ्या बेसवरचा सुटला, आणि माझी सासू गुडघे विसरून उभी राहिली आणि ओरडली, "पळ रे माझ्या वाघा! पळ! पळ!"

तो शेवटच्या बेसवर पोचला, मॅच जिंकली. धुळीत लोळत पोचला.

सगळं स्टेडियम उभं होतं, अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. पुढच्या रांगेतल्या एका दाढीवाल्यानं सासूबाईंपुढे दोन्ही तळवे धरले, त्यांनी त्यावर टाळ्या दिल्या. कॅप पडली होती. अंबाडा सुटला होता. त्या आणि माझी मुलगी एकमेकींना धरून हसत होत्या, रडत होत्या, आणि मग लोक हळूहळू निघाले तरी त्या उभ्याच राहिल्या. फलकावरचा शेवटचा आकडा लागेपर्यंत बघत राहिल्या.

"असा असते तर शेवट," त्या म्हणाल्या.

मग परतीचा रस्ता. ट्रॅफिक लागलं, हो, भरपूर लागलं. तो दर दहा मिनिटांनी 'सांगितलं होतं' म्हणत होता. सासूबाई नातीच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या होत्या.

त्या ऑक्टोबरमध्ये परत गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. गेल्या वर्षी अमरावतीलाच गेल्या, झोपेत. मुलगी आता सतरा वर्षांची आहे. कुठल्याही मॅचला गेली की शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत उठत नाही. कुणी हटकलं तर चिडते. माझी आहे म्हणून नव्हे, आजीची आहे म्हणून.

आणि नवऱ्याची गोष्ट चालू आहे. परवाच्या रविवारी पुन्हा काढली. पानं वाढलेली, श्रीखंड मध्ये, एक नवीन जोडपं आलेलं, पुण्याचं. "सावलीतली सीट घेतली होती मी तिच्यासाठी मुद्दाम," तो सांगत होता. "काय एन्जॉय केलं आईनं!" त्या जोडप्यातली मुलगी खरंच गुंगून ऐकत होती. तिनं हातातला चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "काका, मग शेवटी काय झालं? आजी काय म्हणाल्या?"

स्कोअर त्याला ठाऊक आहे, तो फोनवर असतो. तो आधी आमच्या मुलीकडे वळला. मुलगी ताटात बघत होती. मग माझ्याकडे वळला, हसून, नेहमीसारखा, जणू मी पुढचं सांगेन आणि गोष्ट पुरी करून देईन.

"मला काय विचारतोस," मी म्हटलं. "सांग ना. तू गाडीत होतास."

आणि मी श्रीखंडाचं भांडं उचललं.